गाडी आणखी कोण चालवतं

४ फेब्रुवारी

बबडे,

फोन केला नाही, कारण फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की पाचव्या मिनिटाला तू रडतेस, सहाव्याला मी ओरडते आणि सातव्याला आई मधूनच फोन घेऊन विचारते, जेवलीस का. कागदावर निदान मधे कोणी पडत नाही. शिवाय तुझी सही हवी आहे, ती फोनवर होत नाही.

विमेवाले काका काल येऊन गेले. चहा घेतला, चष्मा विसरले, चष्म्यासाठी परत आले, परत चहा घेतला. आपली पॉलिसी ३१ मार्चला संपते. बाबांनी घर आणि गाडी एकाच पॉलिसीत ठेवली होती, ती ते गेल्यावर आपण जशीच्या तशी दोघींच्या नावावर करून घेतली, पत्ता घराचाच राहू दिला आणि तीन वर्षं तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आता फॉर्म पहिल्यापासून भरायचा आहे. एकत्र ठेवायचं की घराचं वेगळं, गाडीचं वेगळं करायचं, हेही यंदाच सांगायचंय.

मी फायदे विचारले. दोन्हीवर सूट मिळते, एकच तारीख लक्षात ठेवायची आणि काही झालं तर एकाच माणसाला फोन करायचा. तो माणूस म्हणजे ते स्वतः. तोटे विचारले तर त्यांना एकदम दुसरीकडे जायचं आठवलं.

माझं मत, एकत्र ठेवू. घर इथे, गाडी तीनशे किलोमीटरवर तुझ्या दारात. कागदावर तरी जवळ राहू देत.

पण फॉर्मच्या तिसऱ्याच प्रश्नाला मी अडकले. 'घर दिवसा रिकामे असते का?' बाबा दर वर्षी 'नाही' लिहायचे. ते खरं होतं, आई असायची. मी सहाच्या बॅचला बाहेर पडते, दिवसभर लोकांना गाडी शिकवते आणि सातला घरी येते. आज 'नाही' लिहिलं तर खोटं होईल. तुझा पाय नोव्हेंबरात मोडला. आई तीन आठवड्यांसाठी म्हणून दोन जोडी कपडे आणि एक स्वेटर घेऊन गेली. आता स्वेटरचे दिवस संपत आले. माझ्या एका विद्यार्थ्याचे दोन्ही हात मोडले होते, तो दोन महिन्यांत स्टिअरिंग धरायला हजर होता. तुझा एक पाय आहे.

सरळ विचारते, आईला कधी पाठवतेस? त्या प्रश्नापुढे काय लिहू तेवढं कळव. गाडीची माहितीही भरून पाठव. आणखी कोण चालवतं वगैरे विचारलंय, तिथे कोणी नाही लिहून टाक.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

पाकीट मिळालं. तू 'तुझा एक पाय आहे' लिहिलंस ते लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. आमची मॅडम म्हणाली, तुझी बहीण सासूपेक्षा बरी दिसते. मी म्हटलं, बरी म्हणजे कशी, ते मलाही अजून कळलेलं नाही.

माझा पाय तसा बराय, पण दिवसभर स्टुलावर बसून कवळ्या घासल्या की संध्याकाळी सुजतो. आई आणखी थोडे दिवस राहील. ती इथे छान आहे, रमली आहे. कशात, असं विचारू नकोस, अशीच.

पॉलिसीचं म्हणशील तर मला वाटतं वेगळी करू या. रागावू नकोस, नीट विचार केलाय. समजा, गाडीला काही झालं, मी कुठे ठोकली, तर त्याचा दावा त्याच पॉलिसीत जाणार आणि घराचीही सूट जाणार. चूक माझी आणि भुर्दंड तुझ्या छपराला, कशाला? शिवाय इथल्या इथे गाडीचा विमा काढला तर प्रत्येक बारीकसारीक कागद तुझ्या पत्त्यावर जायला नको. तुला तरी कशाला ताप.

आणि एक सांगू? बाबांनी घर आणि गाडी एकत्र बांधली तेव्हा दोन्ही एकाच दारात उभी होती. आता तुझ्याकडे घर आहे. इतकी वर्षं आईही तुझ्याकडेच होती. सणासुदीलाच नव्हे, रोज. मी तीन महिने तिच्या हातचा चहा पितेय, तर तू आठवडे मोजतेस. मी कधी मोजले का?

फॉर्म भरून पाठवते, पण गाडीचा भाग कोरा ठेवते. वेगळं करायचंच आहे तर.

तुझी बबडी


१७ फेब्रुवारी

बबडे,

तू आयुष्यात कधी कुठल्या कागदाचा नीट विचार केलेला नाहीस. दहावीचा अर्ज मी भरला होता. लायसनचाही मीच भरला. आणि आता एकाएकी दावा, सूट, भुर्दंड. तुला हे शब्द कोणी शिकवले?

मी काय समजायचं ते समजले. तू आईला ठेवून घेणार आहेस. आधी गाडी सोडवायची, मग आईचे कपडे मागवायचे, मग एक दिवस म्हणायचं की ताई, तिला इथलं हवामान मानवतं. तुझी पद्धत मला माहीत आहे. लहानपणी माझी छत्री अशीच गेली. आधी एक दिवस मागितलीस.

गाडीचं तर बोलूच नकोस. दिवसाचे आठ तास गाडीत मी बसते. एकोणीस वर्षं. बाबांनी गाडी तुला दिली. मी विचारलं तर म्हणाले, तुझा जन्म गाडीतच जातोय, तुला घर हवं. आज त्या घराचं कुलूप रोज संध्याकाळी मी उघडते आणि दिवा मीच लावते. कपाटातली आईची बाजू उघडून बघितली, तर तिचा जाड चष्मा तिने नेलाय. तीन आठवड्यांसाठी जाणारं माणूस दुसरा चष्मा नेतं?

रविवारी फोन केला तेव्हा ती घाईत होती. आई, घाईत. मी विचारलं कुठे निघालीस, तर म्हणाली, इथेच जरा. मागे तुझा आवाज येत होता, 'हळू सोड, हळू सोड'. काय सोडत होती ती? मला वाटलं मांजर पाळलंय.

पॉलिसी एकत्रच राहील. कोरा फॉर्म परत पाठवतेय. भर.

ताई


२ मार्च

बबडे,

तुझं उत्तर आलं नाही. दुसऱ्या कोणाचं तरी आलं.

काल संध्याकाळी फाटकातच कंपनीचं पाकीट मिळालं. मला वाटलं आठवण करून देणारं असेल. फाटकाशी उभी राहूनच फोडलं. जसं आहे तसं उतरवून देते.

'दिनांक ९ फेब्रुवारी रोजी आपल्या वाहनास झालेल्या नुकसानीचा (मागील दिवा व पत्रा) दावा नोंदवण्यात आला आहे. अपघातसमयी चालक: महिला, वय ६६. परवाना: शिकाऊ. पॉलिसीधारकाशी नाते: आई. सदर चालकाचे नाव पॉलिसीत नोंदवलेले नाही. कृपया पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा वाहन व घर या दोन्ही विभागांच्या नूतनीकरणावर परिणाम होऊ शकतो.'

मी ते दोनदा वाचलं. शेजारीण विचारत होती काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आई गाडी चालवते. ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

एकोणीस वर्षांत मी किती जणांना शिकवलं ते आता आठवत नाही, पण अडीच हजारांच्या वर. त्यात एक कसाई होता, दोन जुळ्या बहिणी होत्या, एक बहात्तर वर्षांचे निवृत्त न्यायाधीश होते. ते प्रत्येक सिग्नलला आधी माझ्याकडे बघायचे, मग सिग्नलकडे. त्यांनाही आणलं मी रस्त्यावर. फक्त एका बाईने मला कायम नाही म्हटलं. मी विचारलं नाही असं एक वर्ष गेलं नाही. दर वेळी तेच, माझं काय आता वय आहे, मला नाही जमायचं, तू आहेस ना. ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत मोकळा तास असला की मी मुद्दाम घरावरून यायची, हॉर्न द्यायची. ती खिडकीतून हात हलवायची, जा म्हणून.

आणि तू गेल्या तीन महिन्यांत तिला शिकवलीस. तू, जी स्वतः दोनदा नापास झालीस. तुझा पाय प्लॅस्टरमध्ये असताना तू शेजारी बसलीस. काही झालं असतं तर तू काय करणार होतीस, कुबडीने थांबवणार होतीस?

'हळू सोड' म्हणजे क्लच. आता कळलं. हे वाक्य माझं आहे.

तुझं बरोबर होतं, पॉलिसी वेगळी करू. एकत्र असली की बघ, तिथे दिवा फुटतो आणि घर माझं डुगडुगतं. कागद पाठव, सही करते. गाडी तुझी, आईही तुझी. खुलासाही तूच दे, मला काय माहीत आहे की मी खुलासा देऊ.

ताई


८ मार्च

ताई,

दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं, हे मात्र टाकतेच.

आधी खरं. डिसेंबरात मला लॅबमध्ये जाणं भाग होतं. सात कवळ्या अडकल्या होत्या, सात म्हातारे बिनदातांचे बसले होते. पायाला प्लॅस्टर, गाडी दारात उभी. रिक्षावाला पायऱ्या बघून पळून जायचा. एक दिवस आई किल्ली हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, तू बस, मला सांग. मला वाटलं गंमत करतेय. तिने आधीच शिकाऊ परवाना काढला होता, मला न विचारता. जाड चष्मा त्यासाठी होता, डोळ्यांच्या तपासणीसाठी. पहिल्या दिवशी आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. चाळीस मिनिटं लागली. कुत्रा पुढे चालत होता.

तुला सांगू नको असं तीच म्हणाली. का, ते विचारलं, तर ती कुकर लावायला उठली. मी ऐकलं, आणि खरं सांगू, मला ऐकायला आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा आईचं एक गुपित माझ्याकडे होतं आणि तुझ्याकडे नव्हतं.

९ फेब्रुवारीचं असं. आमच्या लॅबच्या दारात फायबरचा दात आहे, माणसाच्या उंचीचा, जाहिरातीचा. आईने रिव्हर्स घेताना तो ठोकला. दाताला काही झालं नाही, आपला मागचा दिवा गेला आणि पत्रा आत गेला. मी म्हटलं, दाव्यात माझं नाव लिहू, कोणी बघायला आलेलं नाही. तर आईने माझ्या हातातून पेन घेतलं. म्हणाली, "मी ठोकली, मीच लिहिणार." अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं. म्हणून मी पॉलिसी वेगळी करायच्या मागे होते. माझं पत्र कंपनीच्या पत्राआधी पोचेल असं वाटलं होतं, पोचलंही. तू वेगळंच काहीतरी समजलीस, तेही बरंच म्हणायचं.

आता माझी गोष्ट. तुला वाटतंय मी शिकवलं. मी काय शिकवणार? मी शेजारी बसून दाराचं हँडल धरून घाबरत होते. गाडी सुरू केली की ती पुटपुटते, आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळव, आरशावर विश्वास ठेवू नको. चढावर म्हणते, गाडी मागे जाईल म्हणून घाबरू नको, ती थोडी जातेच. मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणाली, ताई सांगते ना. तू सगळी वर्षं जेवताना तुझ्या विद्यार्थ्यांच्या नावाने बोटं मोडत होतीस, आणि ती भाजी वाढता वाढता अख्खा कोर्स शिकली. मी इथे तीन महिने तिला रोज शेजारी घेऊन बसले आणि ती सगळा वेळ तुझ्याशी बोलत होती. आणि तुला वाटतं की तुझं काही गेलं.

परवा ती पास झाली. पहिल्या फटक्यात. मी दोनदा नापास झाले होते, हे तिने परीक्षकालाही सांगितलं.

खुलासा मी लिहिला आहे, सोबत जोडते. वेगळं करायचं असेल तर सही करते. आईही तुला लिहिते म्हणाली. मी वाचलेलं नाही. तिने डिंक लावून बंद केलं आणि वर हात ठेवून बसली.

बबडी


८ मार्च

मोठीस,

तू रागावली आहेस. इथपर्यंत भांड्यांचा आवाज येत नाही, पण मला माहीत आहे.

धाकटीवर रागावू नकोस, मीच गप्प बसायला सांगितलं. तुझ्याकडून का नाही शिकले ते सांगते. कधी सांगणार नव्हते.

सात-आठ वर्षांपूर्वी तू मला दवाखान्यात सोडायला निघाली होतीस. तुझी एक बाई शिकायला बसली होती, म्हणून मी मागे बसले. रस्त्यात एक सायकलवाला आडवा आला. बाईने ब्रेक दाबला, गाडी थांबली. ती केवढी खूश झाली. म्हणाली, जमलं मला. तू म्हणालीस, शाब्बास. पण मी मागून तुझा पाय बघत होते. तुझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना. ती दाबायच्या आधीच तू दाबला होतास. तिला कळलंच नाही. घरी येईपर्यंत तू तसाच चार वेळा दाबलास.

तुझं काम तेच आहे, मला समजतं. पण मी विचार केला, हिच्याजवळ शिकले तर माझी चूक कधी माझी होणार नाही. तुझे बाबा होते तेव्हा सगळं त्यांनी केलं. ते गेले आणि सगळं तू केलंस. विजेचं बिल कधी येतं हेसुद्धा मला माहीत नाही. धाकटीचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. ती काहीच दाबू शकत नव्हती. मग मी बसले.

तो दात मी ठोकला तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तुला कसं सांगू.

दुसरं. इथल्या मॅडमना दवाखान्यांत कवळ्यांचे डबे पोचवायला माणूस हवा आहे. सकाळी नऊ ते एक. मी हो म्हणाले. पंधरापासून सुरू. तेव्हा मी इतक्यात येत नाही. कधी येईन ते लिहीत नाही, लिहिलं तर तू ते कॅलेंडरवर लिहिशील.

विम्याचं तुम्ही दोघी बघा. मला दोन्हीकडचं काही कळत नाही. फक्त माझं नाव लपवून लिहू नका.

आई


२४ मार्च

आई आणि बबडे, दोघींना एकच पत्र, कारण वेगवेगळं लिहिलं तर तुम्ही ताडून बघाल.

आईचं पत्र मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. पाचव्या दिवशी एका मुलीला चढावर घेऊन गेले. ठरवलं होतं की माझ्या बाजूचा ब्रेक दाबायचा नाही. एका वळणावर बघितलं, तर पाय ब्रेकवरच होता. कधी गेला, मला कळलं नाही. ती मुलगी म्हणाली, मॅडम, आज मी छान थांबवली ना. मी हो म्हटलं. मग गाडी बाजूला घेऊन तिला पाणी पाजलं आणि मीही प्यायले.

आई, मला राग आहे. तो जाणार नाही, निदान या महिन्यात तरी नाही. तू बबडीसमोर चुकलीस, माझ्यासमोर नाही, याचा मला हेवा वाटतो. तुझी पहिली ठोकर मला बघायची होती. तो दातसुद्धा मला बघायचाय.

विमेवाले काका आले होते. म्हणाले, आता एकत्र ठेवण्यात तुमचं नुकसानच आहे, गाडीमुळे घराचीही सूट कमी झाली, शिवाय सहासष्ट वर्षांची नवीन चालक, वेगळी करा. इतकं प्रामाणिक ते पहिल्यांदाच बोलले. मी म्हटलं, एकत्रच ठेवा. ते म्हणाले, कारण? मी म्हटलं, घरगुती आहे.

तुम्हाला सांगते. वेगळी केली की गाडीची पाकिटं तुमच्या दारात पडतील. तुम्ही वाचाल, हसाल, ड्रॉवरमध्ये टाकाल, आणि पुढच्या वेळी आई काय ठोकते ते मला कधीच कळणार नाही. एकत्र ठेवली की तुमचं काहीही झालं तर ते माझ्या फाटकात येईल. मला तेवढं हवंय. जास्तीचे पैसे मी भरते, त्यावर वाद नको.

बबडे, तू पाठवलेला खुलासा मी जरा नीट करून पाठवला. तुझ्या खुलाशात 'बिनदातांचे सात म्हातारे' होते, ते काढले.

फॉर्म असा भरलाय.

घर दिवसा रिकामे असते का? हो.

घरात राहणाऱ्या व्यक्ती? एक. हे लिहायला मला एक दिवस लागला. आधी दोन लिहिलं होतं, ते खोडलं, वर सही केली.

गाडी आणखी कोण चालवतं? इथे तीन ओळी आहेत. पहिल्या ओळीत आईचं नाव लिहिलंय. बबडे, तू दुसऱ्या ओळीत, गाडी तुझी असली तरी. राग आला तर येऊ दे. तिसरी ओळ रिकामी सोडली आहे. काकांनी विचारलं, तुमचं नाव घालू का? मी नको म्हटलं.

शनिवारी शाळेला सुट्टी आहे. शुक्रवारी रात्रीच्या बसने निघते, सकाळी पोचते. आई, तुझी डब्यांची फेरी असेल तेव्हाच येईन, म्हणजे तुझा खाडा नको. पुढे बबडीला बसव, तिचा पाय आता बरा असला तरी.

मी मागे बसेन.

ताई